दर फेरीला एकदा

बँडसॉ बिघडला की पहिली शिवी पट्ट्याला पडते. कट तिरका गेला, तर पट्टा बोथट. फळीवर आडव्या लाटा उमटल्या, तर दात वेडेवाकडे. मशीन थरथरायला लागलं, तर जोड नीट झाळलेला नाही. आणि पट्टा तुटलाच, तर तो बनवून देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग नवा पट्टा येतो, चढतो, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा त्याच लाटा, तीच थरथर. तरी चाकांकडे कुणी बघत नाही. ती झाकणाआड असतात, त्यांना धार नसते, लाकडाला ती कधी शिवतही नाहीत. मला मात्र आताशा वाटतं की बँडसॉमध्ये लाकूड पट्टा कापतो हे अर्धंच खरं आहे. त्या पट्ट्याने कुठे असावं, किती ताठ राहावं, पुढच्या क्षणी डावीकडे झुकावं की उजवीकडे, हे सगळं चाकंच ठरवतात.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकावर एक अशी दोन चाकं. त्यांच्यावरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, दोन्ही टोकं जोडून अखंड केलेला. मधल्या मोकळ्या जागेत टेबल, टेबलाच्या फटीतून पट्टा सतत खाली उतरत असतो आणि आपण लाकूड त्याच्यावर ढकलतो. मोटर खालचं चाक फिरवते. वरच्या चाकाला मोटर नसते, पण दोन कामं त्याच्याकडे असतात. स्प्रिंगच्या जोरावर वर सरकून ते पट्ट्याला ताण देतं आणि मागच्या स्क्रूने किंचित पुढे-मागे कललं की पट्टा त्याच्यावर पुढे-मागे सरकतो. बाकी सगळं यंत्र म्हणजे ही दोन चाकं एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा सांगाडा.

माझं मशीन १४ इंची आहे, म्हणजे चाकाचा व्यास १४ इंच. अमेरिकेत डेल्टा कंपनीने हा आकार रूढ केला आणि मग तैवानपासून सगळीकडे त्याच्या नकला झाल्या. माझंही त्याच घराण्यातलं, जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्याकडून उचललेलं. या आकाराच्या चाकाचा परीघ जवळजवळ ४४ इंच भरतो आणि पट्टा असतो साडेत्र्याण्णव इंचांचा. हे दोन आकडे मी मुद्दाम सांगतोय, कारण मला चाकांच्या नादाला लावलं ते याच आकड्यांनी.

त्याचं असं. मशीन चालू असताना ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येत होता आणि कापलेल्या फळीवर बोट फिरवलं की ठरावीक अंतराने खरखर लागायची. माझ्या शेजारी एक निवृत्त फिटर राहतात, सारं आयुष्य भोसरीच्या कारखान्यांत गेलेले. मी त्यांना काका म्हणतो. ते आले, प्लग काढायला लावला आणि म्हणाले, “खडू आहे का घरात?” खडूने त्यांनी पट्ट्यावर एक रेघ मारली, खालच्या चाकावर एक, वरच्या चाकावर एक. मग वरचं चाक हाताने सावकाश फिरवत राहिले. पट्टा टेबलाजवळ जिथे किंचित मागे-पुढे व्हायचा, तिथे थांबायचे आणि कुठली रेघ कुठे आहे ते बघायचे. पट्ट्याची एक फेरी पूर्ण व्हायला चाकाला दोन फेऱ्या आणि वर थोडं जास्त फिरावं लागतं. तेव्हा दोष दर वेळी पट्ट्याच्या रेघेबरोबर परत आला, तर तो पट्ट्याचा, बहुधा जोडाचा. चाकाच्या दर फेरीला आला, तर चाकाचा. आणि दोन्ही चाकं एकाच आकाराची असली तरी पुरती जुळी कधीच नसतात, त्यामुळे बराच वेळ फिरवलं की वरची आणि खालची रेघ एकमेकींपासून दूर सरकतात आणि दोघींपैकी गुन्हेगार कोण तेही कळतं.

आमच्याकडे दोन दोष निघाले. टकटक होती पट्ट्याची, जोडावरचा धातू कानशीने सपाट केलेला नव्हता. फळीवरच्या लाटा मात्र खालच्या चाकाच्या. काका म्हणाले, “आवाज एकाचा आणि चोरी दुसऱ्याची. ऐकून ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं.”

यंत्र चालू असताना हे मोजणं कानाच्या आवाक्याबाहेरचं आहे. मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या, तर चाक सेकंदाला तेराहून जास्त वेळा फिरतं, पट्टा सेकंदाला सहा वेळा. पट्ट्याचा वेग मिनिटाला ३,००० फुटांच्या आसपास जातो. या वेगात सगळे दोष मिसळून एकच गुरगुर होते. म्हणून चाकांचं जवळजवळ सगळं काम मशीन बंद ठेवून, प्लग काढून, हाताने फिरवत करायचं असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस उगाच चाकाशी खेळत बसलाय.

पहिली पायरी पुसण्याची. यात कौशल्य काही नाही आणि म्हणून ती सगळेच टाळतात. हल्ली आपल्याकडे परदेशी मालाबरोबर येणाऱ्या खोक्यांचं पाइनचं लाकूड फर्निचरला सर्रास वापरतात. स्वस्त, हलकं, दिसायलाही बरं. पण त्यात राळ असते. कापताना भुसा आणि राळ मिळून चाकाच्या रबरावर बसतात, वरून पट्टा दाबत राहतो आणि थोड्याच दिवसांत तिथे टणक खपल्या तयार होतात. अर्ध्या मिलिमीटरची खपली म्हणजे दर फेरीला पट्टा तिथे तेवढा उचलला जातो, ताण क्षणभर वाढतो आणि परत उतरतो. सेकंदाला तेरा वेळा. लाटा येतात त्या अशा. खालच्या चाकावर भुसा जास्त पडतो, त्यामुळे गुन्हेगारही बहुतेक वेळा तेच. खपल्या लाकडी चिपेने खरवडायच्या, नंतर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं. आपल्याकडे हात आपोआप रॉकेल किंवा डिझेलकडे जातो. बिडाच्या उघड्या चाकाला ते चालतं, रबराला नाही; रबर त्याने फुगतं आणि सैल पडतं. मग खालच्या चाकाला टेकेल असा एक ब्रश आत बसवून टाकायचा. कपडे घासायचा जुना ब्रश, अर्धा कापलेला, यापेक्षा भारी काही लागत नाही.

रबराचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावर जरा रेंगाळतो, कारण बँडसॉमधली सगळ्यात सुंदर गोष्ट माझ्या मते तिथे आहे. चाकाचा कडेचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसतो, पण नीट पाहिलं तर मध्यभागी किंचित उंच असतो आणि दोन्ही कडांकडे उतरता. फरक अर्ध्याएक मिलिमीटरचा. पट्ट्याला चाकावर धरून ठेवणारं तेवढंच असतं. कडेला कठडा नाही, खाच नाही, आकडा नाही. साधी अक्कल सांगते की उंचवट्यावरची वस्तू उतारावरून घसरेल. पट्टा उलट वागतो. तो उतारावर गेला की परत वर चढतो, मधल्या उंच रेषेवर येतो आणि तिथेच राहतो.

खरं वाटत नसेल तर एक निमुळता पेला घ्या आणि कागदाची अरुंद लांब पट्टी त्याच्याभोवती, कुठेही चुणी पडू न देता, गुंडाळायला लागा. सुरुवात अगदी सरळ आडवी करा. पट्टी सरळ गोल येत नाही. ती पेल्याच्या रुंद तोंडाकडे सरकत जाते. निमुळत्या पृष्ठभागावर चपटं बसायचं, तर तिला दुसरा मार्गच नसतो. बँडसॉचा पट्टा हेच करतो. चाकाच्या एका उतारावर त्याचं पाऊल पडलं की पुढचं पाऊल मोठ्या व्यासाच्या बाजूला पडतं आणि असं करत तो शिखरावर पोचतो. शिखराच्या पलीकडे गेला तर पलीकडचा उतार त्याला परत आणतो. पिठाच्या गिरणीत रुंद सपाट बेल्ट दिवसभर फडफडत असतो आणि तरी पुलीवरून पडत नाही, त्यालाही हाच फुगवटा कारण आहे. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात हे चार ओळींत असतं, पण हाताने चाक फिरवत पट्टा स्वतःहून वर चढताना पाहिला की त्या चार ओळी एकदम मोठ्या वाटायला लागतात.

हा फुगवटा टिकत नाही. दात रबरावरून जाताना त्याला खरडतात, ताण सतत एकाच रेषेवर दाबतो आणि जिथे उंची हवी नेमकं तिथेच रबर खचून खोलगट होतं. मग पट्ट्याला शिखर सापडत नाही. तो कधी पुढे, कधी मागे भटकतो आणि चालवणारा वरच्या चाकाचा कल बदलत बसतो. पुण्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये रबर कडकही होतं. नख रुतत नसेल, वर बारीक भेगा असतील, तर ते बदलायला झालं असं समजावं. थोडंच झिजलं असेल तर परत आकार देता येतो. लाकडाच्या ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, पट्टा काढायचा, चाक फिरतं ठेवायचं आणि आधी एका उतारावर, मग दुसऱ्या उतारावर, हलक्या हाताने टेकवायचा. मध्याला शक्यतो हात लावायचा नाही. खालच्या चाकाला मोटर असतेच. फक्त पेपर अशा बाजूला धरायचा, जिथे चाकाचा पृष्ठभाग आपल्यापासून दूर जात असतो. निसटलाच तर ठोकळा पलीकडे फेकला जावा, आपली बोटं आत ओढली जाऊ नयेत. वरचं चाक एकाने हाताने फिरवायचं आणि दुसऱ्याने घासायचं.

हे काम चाक मशीनवरच ठेवून करायचं, लेथवर नेऊन नाही. लेथवर चाक लेथच्या आसाभोवती गोल होईल. परत आणून आपल्या शाफ्टवर, आपल्या बेअरिंगवर बसवलं की जो काही थोडा खोडसाळपणा तिथे असेल तो परत येईल. ज्या आसावर चाक आयुष्यभर फिरणार, त्याच आसावर ते गोल करावं. कॅनडातल्या मथायस वांडेल या इंजिनिअरने तर आख्खा बँडसॉच लाकडाचा केला, प्लायवुडच्या चाकांसकट. ती चाकं त्याने आपापल्या शाफ्टवर फिरवत गोल खरडली आणि रबर म्हणून वर सायकलच्या ट्यूब चढवल्या. आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला ही गोष्ट सांगा, तो हसणार नाही. ‘ट्यूब कितीची वापरली’ एवढंच विचारेल.

नवं रबर चढवणं हा स्वतंत्र सोहळा आहे. ते चाकापेक्षा लहानच असतं, ताणून बसवायचं. हल्ली युरेथेनचे पट्टे मिळतात, ते गरम पाण्यात बुडवून मऊ करतात आणि मग दोघांनी मिळून चाकावर ओढायचे. थंड झाले की चाकाला घट्ट धरतात. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो ती अशीच, फक्त तिथे लोखंड लाल होईपर्यंत तापतं आणि वर पाण्याची फसफस होते. रबर ओढताना एका बाजूला जास्त ताणलं जातं, दुसरीकडे जाड राहतं. ते सारखं करायला एक गुळगुळीत गोल दांडा रबराखाली घालायचा आणि चाकाभोवती दोन-तीन वेळा फिरवून आणायचा. ताण सगळीकडे वाटला जातो. इथे घाई केली तर पुढे सगळं आयुष्य त्या चाकाचा आउट काढण्यात जातं.

आउट म्हणजे चाक गोल फिरण्याऐवजी थोडं लंबगोल किंवा डुलत फिरणं. सायकलवाला रिमचा आउट काढतो, टर्नर जॉबचा काढतो. डायल गेज असेल तर उत्तमच. नसेल तर चाकाच्या कडेजवळ लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट बसवायचा, त्यावर टोक केलेली पेन्सिल ठेवायची, कागद जाईल एवढी फट ठेवायची आणि चाक फिरवत फट कुठे मिटते, कुठे उघडते ते बघायचं. पण त्याआधी बेअरिंग. चाक वर आणि खाली धरून हलवायचं. ‘खट्’ असं काही जाणवलं, तर पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ आहे. काका स्क्रूड्रायव्हरचं पातं बेअरिंगच्या घरावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. कोरडं बेअरिंग म्हणे वाळूवरून चालल्यासारखं बोलतं. मला त्यात बराच काळ नुसती घरघर ऐकू यायची.

मग तोल. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी बिडाचं ओतकाम पाहिलंय. वाळूचे दोन अर्धे साचे एकावर एक बसवतात आणि मधल्या पोकळीत तापलेलं बीड सोडतात. वरचा साचा केसभर इकडे-तिकडे झाला तरी चाकाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होऊ शकते. बाहेरचा घेर लेथवर गोल होतो, मधलं भोक नेमकं होतं, पण आरे आणि कडेची आतली बाजू तशीच राहते. वजन तिथे लपून बसतं. १४ इंची चाकाच्या कडेला एका बाजूला २० ग्रॅम जास्त असले, तर ८०० फेऱ्यांच्या वेगाला ते चाकाला बाहेर ओढतात जवळजवळ अडीच किलोच्या जोराने. आणि ही ओढ दर फेरीला दिशा बदलत राहते. वाणी २० ग्रॅमचा हिशेबही करत नाही, पण इथे त्यांनी सगळं टेबल थरथरतं.

हा तोल तपासायला काही विकत आणावं लागत नाही. पट्टा काढायचा, खालच्या चाकाचा मोटरशी जोडणारा बेल्ट काढायचा, चाक हळूच फिरवून सोडून द्यायचं. दर वेळी एकच जागा तळाशी येऊन थांबत असेल, तर जड बाजू ती. मेख एवढीच की नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस घट्ट असतं आणि त्यात छोटा असमतोल दबून जातो. चाक कुठेही थांबतं आणि आपण उगाच खूश होतो. जुनं, मोकळं झालेलं बेअरिंग या कामाला बरं. जड बाजूच्या बरोबर समोर मुलांच्या खेळण्यातली क्ले थोडी थोडी चिकटवत जायचं, चाक कुठेही सोडलं तरी जिथल्या तिथे राहीपर्यंत. मग ती क्ले काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. तेवढं वजन जड बाजूकडून काढून टाकायचं, कडेच्या मागच्या अंगाला भोकं पाडून. ६ मि.मी.च्या ड्रिलने एक सेंटिमीटर खोल गेलं की बिडाचे साधारण दोन ग्रॅम निघतात. म्हणजे २० ग्रॅमला दहा भोकं. दहा भोकं एका ओळीत पाडताना हात थबकतो. कड पातळ वाटली तर मी भोकं न पाडता हलक्या बाजूलाच वजन बसवीन. चाक फुटण्यापेक्षा दोन नट-बोल्ट जास्त असलेले बरे.

चाकं एका पातळीत असावीत की नाही यावर मात्र जाणकारांत सरळ दोन पक्ष आहेत. अमेरिकेतल्या मार्क डगिन्स्कीने बँडसॉवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि दोन्ही चाकं एका प्रतलात आणा, असा आग्रह धरला. लांब सरळपट्टी दोन्ही चाकांना टेकवा. एक मागे असेल तर त्याच्यामागे वायसर घालून पुढे आणा. याउलट मायकेल फॉर्च्यून हा कॅनडाचा फर्निचरकार. त्याचं लक्ष पट्टा वरच्या चाकावर नेमका कुठे चालतो यावर असतं. दातांमधल्या खाचांचा तळ चाकाच्या मध्यावर आणून ठेवा, म्हणजे कट सरळ जातो, असं तो सांगतो. मी दोन्ही करून पाहिलं. अरुंद पट्ट्याला फॉर्च्यूनचं म्हणणं पुरतं. रुंद पट्टा चढवला की दोन चाकं दोन दिशांना ओढत असली तर पट्ट्याला कळतं आणि मग सरळपट्टी काढावीच लागते. इंटरनेटवरची भांडणं वाचली तर वाटतं एक बाजू बरोबर असलीच पाहिजे. मशीनला तसं काही वाटत नाही.

हे सगळं छोट्या मशीनचं. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात किंवा कुठल्याही जुन्या वखारीत जा, तिथे चाकं कमरेच्या उंचीची आणि खालचं चाक जमिनीखालच्या खड्ड्यात. त्यांना रबर नसतं. बिडाची उघडी सपाट कड आणि वर हातभर नसला तरी पंजाभर रुंद पट्टा. दात चाकाच्या कडेबाहेर लटकत ठेवायचे, कारण ते लोखंडावर आले तर त्यांचं डावी-उजवीकडचं वाकणंच मोडून जाईल. सपाट चाकावर हा पट्टा टिकतो, त्याला दुसरं एक कारण आहे. पट्ट्याचा मधला भाग रोलरमध्ये दाबून किंवा हातोडीने ठोकून किंचित लांबवलेला असतो, त्यामुळे कडा ताठ राहतात. छोट्या मशीनमध्ये फुगवटा चाकाला असतो, मोठ्यात ती युक्ती पट्ट्याच्या पोटात घातलेली असते. बीडही झिजतं; भुशातली रेती आणि माती दिवसरात्र त्याला घासत असते. कड खोलगट झाली की चाक जागेवरच फिरवत ग्राइंडर लावून परत सपाट करतात. वखारीतला माणूस पट्ट्यावर डिझेलचा थेंब पडत ठेवतो, राळ चिकटू नये म्हणून. मशीनचा कारभार ठीक आहे का ते तो ओंडका आत जाण्याआधीच, बिडाच्या खांबावर तळहात ठेवून ठरवतो.

एवढी मोठी चाकं हौसेपोटी नसतात. पट्टा चाकावर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. माझ्या १४ इंचीवर तासाला तो सुमारे ४५,००० वेळा वाकतो. जाड पट्टा लहान चाकावर वाकवला की तो थकतो आणि चिरतो. म्हणून जुना हिशेब असा की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नसावी. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने बँडसॉचं पेटंट १८०८ साली लंडनमध्ये घेतलं, तेव्हा कल्पना पूर्ण होती, चाकं होती; नव्हता तो हे वाकणं सोसणारा जोड. पट्टे तुटत राहिले आणि यंत्र जवळजवळ चाळीस वर्षं कागदावर पडून राहिलं. १८४६ मध्ये आन पोलिन क्रेपॅं या फ्रेंच बाईने पट्ट्याची टोकं टिकाऊपणे जोडण्याची रीत शोधून पेटंट घेतलं आणि ते पॅरिसच्या पेरँ कंपनीने विकत घेतलं. तिथून बँडसॉ खरा चालू झाला. आजही सुतारांच्या गप्पांत त्या बाईचं नाव येत नाही, जोड मात्र रोज येतो.

बारकाईची एक नशा असते आणि ती चढली की थांबायचं कुठे ते कळत नाही. माझा काही काळ असाच गेला, शतांश मिलिमीटरच्या मागे. अमेरिकन हौशी लोक मशीनच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करतात आणि मशीन सुरू करतात. नाणं पडलं नाही तर टाळ्या. आपल्याकडे त्याला पूर्वीचं जाड पाच रुपयांचं नाणं सोयीचं. ते माझ्या टेबलावर उभं राहिलं तेव्हा मी काकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, “छान. आता फळी कापून दाखवा.” फळी कापली, तर कट थोडा तिरका. पट्टा खरंच बोथट झाला होता. नाणं तोल सांगतं, बाकी काही नाही.

आणि दुसरी गोष्ट लाकडाची. सहा इंच रुंद सागाची फळी मे आणि ऑगस्टमध्ये एखाद मिलिमीटरने सहज फुगते-आकसते. त्या फळीसाठी चाकाचा आउट ०.०२ मि.मी.वर आणण्यात मला आता अर्थ दिसत नाही. ०.१ पर्यंत आणावा आणि सोडून द्यावा. पुसणं, बेअरिंग, फुगवटा, तोल, एवढ्यात बहुतेक मशीन शहाणी होतात. मग पट्टा चढवायचा, ताण थोडा थोडा कमी करत न्यायचा, पट्टा फडफडायला लागेपर्यंत, आणि तिथून फडफड थांबून वर पाव फेरा एवढा परत द्यायचा. शेवटी गाइड, म्हणजे पट्ट्याला बाजूंनी आधार देणारे ठोकळे; पट्टा आणि गाइड यांच्यात कागदाच्या जाडीची फट. लोक उलट क्रमाने जातात, आधी गाइड आवळून पट्ट्याला जबरदस्तीने सरळ उभं करतात. चाक डुलत असताना गाइड आवळलं की गाइड तापतं, पट्टा झिजतो, आणि शिवी पुन्हा पट्ट्यालाच.

राहिला प्रश्न रात्रीचा. ताण तसाच ठेवून मशीन आठ-आठ दिवस बंद राहिलं, तर रबर चाकावर जिथे दाबलं गेलंय तिथे सपाट होतं, स्प्रिंग मऊ पडते, आणि सोमवारी सकाळी मशीन पुन्हा दर फेरीला एकदा धडकायला लागतं. म्हणून काम संपलं की ताण सैल करायचा. पण सैल पट्ट्यावर कुणी बटण दाबलं तर तो चाकावरून उतरतो आणि झाकणाच्या आत जो आवाज होतो तो ऐकवत नाही. काकांनी यावर पुठ्ठ्याची पाटी करून दिली, ती स्विचलाच अडकवायची. मी त्यांना विचारलं, मराठीत लिहू की हिंदीत? कारण माझ्याकडे कामाला येणारा मुलगा बिहारचा. ते म्हणाले, “लिहू नका काही. स्विच झाकला जाईल एवढी मोठी करा.”